ड्रमसंचाची बैठक

पाश्चात्त्य पद्धतीचा ड्रमसंच हाताखाली यावयास जेवढा अभ्यास लागतो, जवळजवळ तेवढाच संयम तो संच नुसता जागच्या जागी ठेवण्यास लागतो, हे ज्याने गुळगुळीत फरशीवर बसून एकवार तरी बेस ड्रमचे पेडल दाबले आहे, त्याला निराळे सांगावयास नको. कार्यक्रमाच्या आरंभी अगदी मापात मांडलेला मोठा ड्रम तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत वीतभर पुढे गेलेला असतो. त्याला गाठण्यासाठी वादकाचा पाय ताठ होत जातो. डावीकडचा हाय-हॅटचा स्टँड आपल्या वाटेने निघालेला असतो. आणि दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांचा उपयोग वादक नमस्कार करण्याऐवजी ड्रम मागे ओढून घेण्यासाठी करीत असतो. या त्रासावर जगभर एकच इलाज रूढ आहे, तो म्हणजे संचाखाली गालिचा अंथरणे. इलाज सोपा आणि स्वस्तही आहे. परंतु तो गालिचा कोणत्या जातीचा, केवढा आणि कोणत्या जमिनीवर अंथरावा याबाबत वादकांत इतके मतभेद आहेत, की नव्याने संच खरेदी करणारा मनुष्य शेवटी घरातील जुनी सतरंजी ओढून घेतो आणि तीही ड्रमबरोबर पुढे चाललेली पाहून हताश होतो. या साऱ्या प्रश्नाचा एकदा सावकाश आढावा घ्यावा, असा येथे विचार आहे.

वाद्यांच्या इतिहासात हा प्रश्न फार जुना नाही. लष्करी आणि मिरवणुकीच्या बँडांत मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, स्नेअर दुसऱ्याच्या कमरेला आणि झांजा तिसऱ्याच्या हातात अशी वाटणी होती, तोवर वाद्याचा जमिनीशी संबंधच येत नव्हता. पुढे नाट्यगृहांतील व नृत्यशाळांतील अपुरी जागा आणि तितकेच अपुरे अंदाजपत्रक यांच्या रेट्याने तिघांचे काम एकाकडे आले, आणि मोठा ड्रम पायाने वाजविण्याची काही तजवीज करणे भाग पडले. त्या दिशेने झालेल्या अनेक खटपटींत शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ च्या सुमारास सिद्ध केलेले, जलद लयीला पुरे पडणारे पेडल विशेष यशस्वी ठरले. १९२० नंतरच्या दशकात डाव्या पायाने दोन झांजा एकमेकींवर मिटविण्याच्या युक्त्या निघाल्या व त्यांतून आजचा हाय-हॅट घडला. वादकाचे दोन्ही पाय अशा रीतीने कामाला लागले, आणि तेव्हापासून जमिनीशी त्याचा कज्जा सुरू झाला.

आपल्याकडे हे वाद्य रुळले ते हॉटेलांतील नृत्यसंगीताच्या सोबतीने. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या अमेरिकन जॅझवादकांचे ताफे वाजत. त्या वातावरणात तयार झालेल्या गोमंतकीय आणि पारशी वादकांपैकी बरेच जण पुढे चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणगृहांत दाखल झाले, आणि कावस लॉर्ड, त्यांचे पुत्र केरसी व बुजी, लेस्ली गुदिन्हो अशा वादकांनी तालवाद्यांचे ते दालन संपन्न केले. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या ऑक्टोपॅडने कालांतराने आपल्या ऑर्केस्ट्रांतून खऱ्या ड्रमसंचाची बरीचशी हकालपट्टी केली, हे खरे. उभ्या स्टँडवर बसविलेले आणि हातांनी वाजविण्याचे ते यंत्र कोठे सरकत नाही, हा त्याचा एक दुर्लक्षित गुण मानावयास हरकत नाही. तथापि महाविद्यालयीन बँड, वसई-गोव्याकडील चर्चमधील वाद्यवृंद, तियात्राचा रंगमंच आणि शहरांतील सरावाच्या खोल्या येथे खरा संच टिकून आहे, आणि त्याबरोबर त्याचे सरकणेही.

आपल्या बैठकीच्या संगीतात ही अडचण का उद्भवली नाही, हे पाहिले असता प्रश्नाची अर्धी उकल तेथेच होते. तबला-डग्गा चुंबळीवर स्थिर असतो, वादकाचे हात त्याला खाली दाबतात, पुढे ढकलीत नाहीत. आणि मुख्य म्हणजे ज्या जाजमावर तबला असतो त्याच जाजमावर तबलजी मांडी घालून, आपल्या सगळ्या भारानिशी बसलेला असतो. तमाशातील ढोलकी किंवा मिरवणुकीतील ढोल तर वाजविणाऱ्याच्या कमरेलाच बांधलेला. वादक आणि वाद्य यांची बैठक एकच असावी, हे तत्त्व आपल्या परंपरेत कोणी मुद्दाम सांगितले नाही, कारण ते मोडण्याची वेळच कधी आली नाही. ड्रमसंचाच्या गालिच्याबाबत मात्र ते पहिल्याने सांगावे लागते, आणि ते न समजल्यामुळेच बहुतेक गालिचे वाया जातात.

ड्रम पुढे सरकतो तो का? सर्वसाधारण समजूत अशी, की बीटर कातड्यावर आदळतो आणि त्या धक्क्याने ड्रम पुढे जातो. ही समजूत अपुरी आहे. पेडल हे ड्रमच्या कड्याला चापाने घट्ट आवळलेले असते आणि बीटरचा दांडा त्याच पेडलाच्या चौकटीत फिरतो. म्हणजे आघात करणारा भाग आणि आघात सोसणारा भाग हे मुळात एकमेकांस जोडलेलेच असतात, आणि नावेत बसून नावेचीच फळी ढकलणाऱ्याने नाव जशी किनाऱ्याला लागत नाही, तसा केवळ बीटरच्या ठोक्यांनी ड्रम सभागृह ओलांडीत नाही. त्याला खरोखर पुढे लोटतो तो वादकाचा पाय. पेडलाची पादफळी टाचेकडे उतरती आणि ड्रमकडे चढती असते. तिच्यावर दिलेल्या दाबाचा मोठा अंश खाली जमिनीत जातो, पण उरलेला अंश तिरका, पुढच्या दिशेने जातो. आणि वादक जसजसा आवेशात येतो तसतसा हा दुसरा अंश वाढत जातो. बीटरच्या आघाताचे काम एवढेच, की प्रत्येक ठोक्याला सारा ड्रम थरथरतो, त्याचे पाय क्षणभर जमिनीवर हलके पडतात, आणि एरवी घर्षणाने अडून राहिलेल्या त्या तिरक्या रेट्याला तेवढ्या क्षणात केसभर पुढे जाण्याची मुभा मिळते. मिनिटाला शंभरावर ठोके पडत असताना केसाकेसाने वीत होण्यास वेळ लागत नाही.

आता, पायाने पुढे रेटा द्यावयाचा तर शरीराला मागे कोठेतरी आधार हवा, आणि तो आधार म्हणजे वादकाचे स्टूल. पुढे जाऊ पाहणारे पेडल आणि मागे रेटले जाणारे स्टूल ही एकाच बलाची दोन टोके होत. ही दोन्ही टोके जर एकाच गालिच्यावर असतील, तर तो रेटा गालिच्याच्या विणीत ताण होऊन जिरतो. गालिचा दोहोंकडून ओढला जातो, आणि जमिनीच्या मानाने काहीच हलत नाही. उलट गालिचा लहान असून स्टूल त्याच्या बाहेर, उघड्या फरशीवर असेल, तर गालिचा कितीही उंची असो, ड्रम आणि गालिचा मिळून पुढे जातात व स्टूल मागे राहते. वादकाचे साठ-सत्तर किलो वजन हा या सगळ्या मामल्यातील सर्वांत मोठा आणि फुकटचा नांगर आहे. बावीस इंची बेस ड्रमचे वजन त्यापुढे दहा किलोच्या आगेमागे. तो नांगर गालिच्याबाहेर टाकणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय. जुन्या वादकांत ड्रमपासून स्टुलाच्या पायापर्यंत एक दोरी बांधून टाकण्याची वहिवाट होती. दिसावयास ती गावठी दिसली तरी तिच्यामागचे तत्त्व हेच, आणि आजही गालिचा विसरलेल्या वादकाने दोन-तीन मीटर सुतळीवर कार्यक्रम निभावून न्यावा, अशी माझी शिफारस आहे.

म्हणून गालिच्याच्या निवडीत पहिला विचार मापाचा करावा, पोताचा नंतर. एक बेस ड्रम, स्नेअर, दोन-तीन टॉम, हाय-हॅट आणि दोन-तीन झांजांचे स्टँड अशा नेहमीच्या संचाला दोन मीटर रुंदी व सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर खोली पुरते. ड्रमसाठी म्हणून मुद्दाम विकले जाणारे गालिचे बहुधा याच मापाचे किंवा दोन मीटर चौरस असतात. आपल्याकडील दुकानांत फुटांच्या मापाने मिळणारा पाच बाय सात किंवा सहा बाय नऊ फुटांचा गालिचा या कामी सहज चालतो. चार बाय सहाचा मात्र बहुधा तोकडा पडतो आणि त्यात नेमके स्टूलच बाहेर राहते. क्रॅशच्या स्टँडचा एखादा पाय बाहेर राहिला तर बिघडत नाही, कारण त्या स्टँडला कोणी लाथ मारीत नाही. पण बेस ड्रमचे पुढचे दोन पाय, पेडल, हाय-हॅट आणि स्टूल हे चार जिन्नस आत असलेच पाहिजेत. ज्याला संच घेऊन गावोगाव हिंडावयाचे आहे त्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गालिच्याची गुंडाळी त्याच्या आखूड बाजूइतकीच लांब होईल अशी करावी, म्हणजे पाच फुटांची ती वळकटी टॅक्सीच्या मागच्या सीटवर तिरकी मावते. चौरस गालिच्याला ही सवलत नाही, आणि सहा-साडेसहा फुटांची गुंडाळी घेऊन लोकलच्या मालडब्यात शिरण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला या सूचनेचे मोल कळेल.

पोताचा विचार करताना दोन निरनिराळे संबंध ध्यानात घ्यावे लागतात आणि लोक हटकून एकच घेतात. संच आणि गालिचा यांमधली पकड ही एक, आणि गालिचा व जमीन यांमधली पकड ही दुसरी. या दोहोंपैकी जी कच्ची असेल तिच्यावरून सारे प्रकरण सरकते. पहिल्या पकडीसाठी वाद्यनिर्मात्यांनी बरीच सोय करून ठेवली आहे. बेस ड्रमच्या पुढच्या दोन तिरप्या पायांना रबराची टोपी असते आणि ती फिरवून मागे घेतली असता आतून पोलादी टोक बाहेर येते. बऱ्याच पेडलांच्या तळाला वेल्क्रोची पट्टी आणि पुढच्या कडेला दोन लहान खिळे असतात. हाय-हॅटच्या पायांनाही बहुधा अशीच अणकुचीदार टोके काढता येतात. ही टोके रुतण्यास काहीतरी अंग हवे, ते गालिचा पुरवितो. पाय पुढे व बाहेर कललेले ठेवले आणि ड्रमचे पुढचे कडे जमिनीपासून बोटभर उचललेले राहिले, की पुढचा प्रत्येक रेटा ती टोके अधिकच खोल रुतवितो. ड्रमचे पाय सरळ उभे ठेवून गालिच्याला दोष देणारे वादक थोडे नाहीत.

वेल्क्रोची आकडी बाजू पेडलाखाली असते, म्हणून तिला धरण्यासारखे तंतू गालिच्याच्या पृष्ठभागावर असले पाहिजेत. येथे लव आखूड आणि दाट हवी, एवढे सूत्र लक्षात ठेवले म्हणजे निम्मे दुकान आपोआप बाद होते. लांब, मऊ, बोटे बुडतील अशा लवीचा गालिचा दिवाणखान्यात सुखावह असेल, पण त्यावर पेडल डुगडुगते, स्टँडचे तीन पाय तीन निरनिराळ्या खोलींवर बसतात, आणि स्नेअर मापात बसविण्यात संध्याकाळ जाते. आखूड लवीतही दोन जाती आहेत. एकीत धाग्यांचे वेढे तसेच अखंड ठेवलेले असतात, दुसरीत ते वरून कापलेले असतात. वेढ्यांच्या गालिच्यावर वेल्क्रो फार छान बसते, परंतु बेस ड्रमच्या पोलादी टोकाने एक वेढा उचलला की त्या रांगेतील पुढचे वेढे उसवत जातात आणि वर्षभरात त्या जागी टक्कल पडते. कापलेल्या लवीला ही जोखीम नाही. पकड थोडी कमी पण आयुष्य अधिक, या हिशेबाने माझे मत कापलेल्या, आखूड, दाट लवीच्या बाजूने पडते. विल्टन पद्धतीच्या यंत्रावर विणलेले पॉलिप्रॉपिलीनचे गालिचे, ज्यांवर इराणी नक्षीची हुबेहूब नक्कल असते आणि ज्यांना जाणकार नाके मुरडतात, ते या कामाला उत्तम. ते दमटपणाला भीत नाहीत, कसर त्यांना खात नाही, आणि त्यांत भोक पडले तर कोणाचे काळीज तुटत नाही.

येथे एका मोहाविषयी ताकीद देणे अगत्याचे आहे. परदेशी रॉक बँडांच्या रंगमंचांवर ड्रमखाली जुने, लाल-निळे, हाताने गाठी मारलेले लोकरी गालिचे अंथरलेले दिसतात, आणि ते पाहून आपल्याकडच्या हौशी वादकालाही भदोही-मिर्झापूरचा किंवा काश्मीरचा एखादा अस्सल गालिचा घ्यावा अशी इच्छा होते. गुणांच्या दृष्टीने पाहता त्या गालिच्यात उणे काहीच नाही. तो जड असतो, सपाट बसतो, त्याची लव दाट असते आणि लोकरीचा तंतू दाबला जाऊन पुन्हा उभा राहतो. परंतु ज्या वस्तूत कारागिराने महिनोन्‌महिने बसून एकेक गाठ मारली आहे, तिच्यात दर शनिवारी पोलादी टोके रुतविणे हा मला रसिकतेच्या नावावर चाललेला अत्याचार वाटतो. असा गालिचा घरात असेल तर तो भिंतीवर लावावा, आणि ड्रमखाली त्याची यंत्रावरची नक्कल घालावी. श्रोत्यांना दहा फुटांवरून फरक कळत नाही.

उरलेल्या पर्यायांचा निकाल थोडक्यात लावता येतो. सुती सतरंजी, मग ती अकोटची भक्कम विणीची का असेना, या कामाला पातळ पडते. टोके तिच्यातून आरपार जाऊन फरशीवर ओरखडे काढतात आणि ती स्वतः सुरकुत्या पडून गोळा होते. दुहेरी घालावी तर तिचे दोन पदरच एकमेकांवरून सरकतात. काथ्याची, खाली रबर लावलेली जाड चटई पकडीला अप्रतिम आहे, पण तिची धूळ पेडलाच्या सांध्यांत जाते. बेस ड्रमच्या पायांपुरता एक तुकडा म्हणून ती ठेवावी. योगासनांची चटई फरशीला छान चिकटते, परंतु वरून पडलेल्या पहिल्याच टोकाने फाटते. लहान मुलांच्या खोलीत घालतात ते फोमचे, एकमेकांत अडकणारे चौकोन ड्रमाखाली दबतात, त्यांचे सांधे सुटतात, आणि वादकाला होडीत बसल्याचा भास होतो. मंडपवाले अंथरतात ती न विणलेली, नुसती सुयांनी टोचून दाबलेली लाल-हिरवी मॅट सुटी असता निरुपयोगी. मात्र फळ्यांवर कडेने खिळे मारून ताणलेली असली तर आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. व्यायामशाळेतील जाड रबरी फरशी सर्वांत भक्कम, आणि एकाच जागी कायम राहणाऱ्या संचासाठी मी तिच्या विरुद्ध काही बोलणार नाही. फक्त ती उचलून नेण्यास एक स्वतंत्र मनुष्य लागतो.

आता दुसरी पकड, म्हणजे गालिचा आणि जमीन यांच्यामधली. गीयोम आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये मांडलेला नियम असा, की घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. म्हणजे नुसता मोठा गालिचा घेतल्याने तो कमी सरकेल असे नव्हे, त्यावर भार किती आहे हे पाहावयाचे, आणि येथेही पुन्हा वादकाचे स्टूलच कामी येते. खडबडीत शहाबादी फरशीवर किंवा साध्या सिमेंटच्या कोब्यावर बहुतेक गालिचे आपोआप धरतात. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, संगमरवर आणि पॉलिश केलेला लाकडी रंगमंच या तीन जमिनी फसव्या. अशा ठिकाणी गालिच्याच्या पाठीला रबराचा किंवा लॅटेक्सचा लेप असावा, अथवा खाली जाळीदार, चिकट स्पर्शाचे अस्तर वेगळे अंथरावे. मला हे दुसरे अधिक पसंत आहे, कारण लेप उष्णतेने आणि वयाने भुगा होऊन गळतो व त्याबरोबर सारा गालिचाच निकामी होतो, तर अस्तर झिजले की तेवढेच बदलता येते. कोणतेही रबर धुळीवर पकड धरीत नाही. बारीक कण त्याच्याखाली रांगोळीसारखे पसरलेले असले की उत्तमातले उत्तम अस्तरही त्यांवरून घसरते. म्हणून अंथरण्यापूर्वी जमीन ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. या एका कृतीची जितकी हयगय होते तितकी दुसऱ्या कशाचीही होत नाही. ज्यांच्या घरात व्हिनाइलची फरशी आहे त्यांनी रबरी पाठीचा गालिचा कायमचा घालून ठेवू नये. त्या दोन पदार्थांच्या दीर्घ सहवासाने फरशीवर न जाणारे पिवळट डाग पडतात, आणि भाड्याच्या घरात त्याचा हिशेब अनामत रकमेतून होतो.

सदनिकेत राहणारे पुष्कळ लोक गालिच्याकडून आणखी एक अपेक्षा ठेवतात, ती म्हणजे खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याची झोप वाचविण्याची. ही अपेक्षा सपशेल चुकीची आहे. ध्वनिशास्त्राच्या नेहमीच्या कोष्टकांत काँक्रीटवर अंथरलेल्या जाड गालिच्याचा शोषणांक ४००० हर्ट्झच्या उंच स्वरांना ०·६५ च्या आसपास दिलेला असतो, तर १२५ हर्ट्झच्या खर्जाला तो केवळ ०·०२ असतो. म्हणजे झांजांचा खणखणाट खोलीतल्या खोलीत थोडा मवाळ होतो, पण बेस ड्रमची धडक स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरते ती उतरतेच. तिला अडवावयाचे तर जमिनीपासून सुटा, लवचीक आधारांवर तरंगता लाकडी चौथरा करावा लागतो. दोन प्लायवुडांच्या मध्ये अर्धेअधिक बसविलेल्या टेनिसच्या चेंडूंवर असा चौथरा घरच्या घरी करणारे खटपटे लोक आहेत आणि विद्युत ड्रमसंचासाठी तो बऱ्यापैकी चालतो. त्या चौथऱ्यावरही गालिचा लागतोच, कारण विद्युत संचाचे किक पॅड खऱ्या ड्रमपेक्षा पुष्कळ हलके आणि म्हणून सरकण्यात त्याहून चपळ असते.

गालिचा पारखण्याची रीत दुकानदार दाखवीत नाहीत, ती स्वतः करावी. नमुना उलटा दुमडून लव बाहेरच्या बाजूला पसरू द्यावी. दुमडीवर जर खालचे कापड किंवा लेपाचा पांढरा थर स्पष्ट दिसू लागला, तर वीण विरळ समजावी. अंगठा जोराने दाबून उचलावा आणि खळगा किती वेळाने भरतो ते पाहावे. मग जमिनीवर सपाट पसरून चारही कोपरे खाली बसतात की नाही हे तपासावे, कारण वर वळलेला कोपरा अंधाऱ्या रंगमंचावर कोणाचा तरी पाय अडकवितोच. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आपले पेडल पिशवीत घालून दुकानात न्यावे, ते गालिच्यावर ठेवून तळहाताने पुढे ढकलावे. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहील, पण पाच निमिषांत सगळा संशय फिटेल.

गालिचा एकदा घरी आला की तो केवळ आधार राहत नाही, संचाचा नकाशाही होतो, आणि फिरत्या वादकाला हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. संच मनासारखा मांडून झाल्यावर प्रत्येक पायाभोवती रंगीत कापडी चिकटपट्टीचे लहान कोन करावेत. ड्रमच्या पायांना एक रंग, हाय-हॅटला दुसरा, स्टुलाला तिसरा. मग परक्या गावी, मागचा कार्यक्रम लांबलेला आणि मांडणीला दहा मिनिटे मिळालेली असताना, मदतनीसालाही डोळे मिटून संच उभा करता येतो. खाकी पॅकिंगची पट्टी वापरू नये, ती उन्हात वितळून लवीत चिकट राळ सोडते. ज्याची मांडणी वर्षानुवर्षे बदलत नाही अशाने बेस ड्रमच्या पायांपुढे एक लाकडी पट्टी गालिच्याला खालून स्क्रू मारून कायमची बसवावी; जड पायाच्या वादकांवर तिच्यासारखा बंदोबस्त नाही. विटा, वाळूच्या पिशव्या आणि थेट रंगमंचात ठोकलेले खिळे हे उपायही प्रचलित आहेत, पण पहिले दोन बेढब दिसतात, आणि तिसऱ्यामुळे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाशी जो पत्रव्यवहार सुरू होतो तो लवकर आटोपत नाही.

निगेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गालिचा गुंडाळावा, दुमडू नये. दुमडीची रेघ एकदा उठली की नेमकी पेडलाखाली येते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ताग किंवा सुताच्या पाठीच्या गालिच्याला बुरशी धरते, तेव्हा त्या चार महिन्यांत तो जमिनीवर कायम पसरून न ठेवता उघडीप पडेल तेव्हा वारा द्यावा. लोकरीत कसर होते, तीवर कडुनिंबाच्या पाल्यापेक्षा उन्हाचा आणि झटकण्याचा अधिक उपयोग होतो.

शेवटी नाट्यगृहे आणि सभागृहे चालविणाऱ्या नगरपालिका, महाविद्यालये व संस्था यांना एक विनंती आहे. परदेशांतील फिरत्या बँडांच्या करारपत्रांत आठ फूट चौरस चौथरा आणि त्यावर गालिचा ही मागणी नेहमीची असते, आणि आयोजकांना ती पुरी करण्यास कष्ट पडत नाहीत. आपल्याकडे रंगमंचाच्या सामानाच्या यादीत ध्वनिवर्धकांच्या दांड्या, पाट, लोड, तक्के आणि पांढऱ्या चादरी यांची नोंद असते. बैठकीच्या कलावंताची तेवढी तरतूद आपण जाणून-बुजून केली आहे. त्याच यादीत सहा बाय नऊ फुटांचा, आखूड दाट लवीचा, गडद रंगाचा एक गालिचा व त्याखालचे जाळीदार अस्तर एवढे दोन जिन्नस वाढवावेत. खर्च एका बऱ्या मायक्रोफोनहून अधिक होणार नाही, आणि रंगमंचाच्या फळ्यांवरील खिळ्यांची भोके कायमची थांबतील.